नडगीतला बत्तासा

माझ्या नवऱ्याच्या उजव्या नडगीत, गुडघ्याच्या वीतभर खाली, दोन बोटं रुंदीचा हाडाचा एक तुकडा आहे. तो जन्मापासूनचा नाही. तो आमच्या घरात तयार झाला, डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तो तयार होताना मी पाहिला, म्हणजे त्याचे फोटो पाहिले. हाड कसं वाढतं ते पाहायला मिळावं अशी माझी काही हौस नव्हती. पण नशिबात होतं.

नवऱ्याला मी बोलताना अहो-जाहो करते. लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार आहे, सुटसुटीत पडतं. माझं तोंड फटकळ आहे, हेही आधीच सांगून टाकते. शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवून तसं झालं, असं माझं म्हणणं. सासूबाई म्हणायच्या, हिने ते माहेराहूनच आणलंय.

तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधल्या कितीतरी लिफ्ट त्याने चालू करून दिल्या आणि स्वतः मात्र रोज तीन जिने चढून घरी आला. यावरून मी त्याला लग्न झाल्यापासून चिडवत आले आहे. एका सकाळी शीळफाट्याच्या अलीकडे साइटवर जाताना रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून बाइक घसरली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक त्याच्या पायावरून गेलं. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं. ऑपरेशन झालं, हाडात सळई घातली आणि आता सगळं ठीक म्हणेपर्यंत जखमेत पू झाला. हाडाचा मधला भाग मेला होता, तो कापून टाकावा लागला. त्या रिकाम्या जागेत औषध कालवलेलं सिमेंट भरून ठेवलं, जंतू मरेपर्यंत. सिमेंट म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हाडांच्या दवाखान्यात अर्धे शब्द बांधकामाचे असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सिमेंट काढून तिथे काय भरायचं ते सांगायला डॉक्टरांनी आम्हाला ठाण्याला बोलावलं. डॉक्टर म्हणजे माझ्याहून वयाने लहान, शांत बोलणाऱ्या बाई. मी आणि सासूबाई गेलो होतो. सासूबाई मालवणकडच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण तीन जिने भाजीची पिशवी घेऊन चढायच्या आणि वर आल्यावर माझ्याच हाती पाण्याचा पेला द्यायच्या. त्यांच्या तळहातावर डॉक्टरीणबाईंनी एक पांढरा तुकडा ठेवला. हलका, भोकाभोकांचा.

“आजी, ही हाडासाठी परांची. बिल्डिंग बांधताना बांबूची बांधतात ना, तशी.”

सासूबाईंनी तो तुकडा उलटापालटा केला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि मला म्हणाल्या, “हा तर बत्तासा गो. यावर माझा झील उभा राहणार?”

झील म्हणजे मुलगा. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “कुठल्या जनावराचा म्हणायचा हा?” त्या मासे खाणाऱ्या होत्या, प्रश्न सोवळ्याचा नव्हता. मुलाच्या अंगात दुसऱ्या कुणाचं उसनं काही नको, एवढंच त्यांचं होतं.

“जनावराचा नाही. काही प्रकार तसेही असतात, पण हा नाही. आपल्या हाडात जे क्षार असतात तसेच घेऊन भट्टीत भाजून केलाय. तुमच्या मुलाच्याच कंबरेच्या हाडातली थोडी मज्जा काढून यात मिसळणार. या भोकांमधून रक्तवाहिन्या शिरतात, पेशी शिरतात आणि आत हाड घालायला लागतात. आणि हा हळूहळू विरघळतो.”

“बत्तासाच तो. विरघळणारच.”

“विरघळायलाच हवा, आजी. पण तो जिथून जाईल तिथे तुमच्या मुलाचं हाड यायला हवं. दोन्ही कामं बरोबरीने व्हायला पाहिजेत.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “आणि त्यासाठी पायावर भार पडला पाहिजे. आधी वॉकर धरून थोडा, मग वाढवत न्यायचा. भार पडला नाही तर शरीराला वाटतं, इथे हाडाची गरजच नाही.”

“आणि हाड नाही आलं तर?” मी विचारलं.

“तर सगळा भार एकट्या सळईवर येईल. सळई आज ना उद्या तुटेल. मग पुन्हा उघडावं लागेल, आणि तेव्हा पाय वाचेलच असं मी सांगू शकणार नाही.”

बाहेर आल्यावर सासूबाई बाकावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “एकुलता एक आहे. माझ्या पुढे मडकं धरून त्यानेच चालायला पाहिजे. मला दुसरा आहे कोण?”

तिरडीच्या पुढे मुलगा विस्तवाचं मडकं हातात धरून चालतो, त्या मडक्याबद्दल त्या बोलत होत्या. माझा तोल गेला. “आई, यांचा पाय जायची गोष्ट चाललीय, आणि तुम्हाला तुमची तिरडी दिसतेय?”

“मला त्याचा पायच दिसतो गो,” त्या म्हणाल्या. “तोच दिसतो.”

ऑपरेशन नीट झालं. घरी आणलं तेव्हा इमारतीतल्या लोकांनी त्याला आमच्या हातांच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसवून तीन मजले उचलून वर नेलं. तो ओशाळून हसत होता. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सेवा सुरू झाली. दुसरा शब्द नाही. आपल्याकडे माणूस आजारी पडलं की त्याला उठू द्यायचं नाही, ही माया दाखवायची एकच रीत सगळ्यांना ठाऊक असते. तळमजल्यावरचे काका शहाळी आणायचे, शेजारच्या काकू डिंकाचे लाडू आणायच्या, आणि जाताना प्रत्येक जण सांगून जायचा, “पडून राहा हं. अजिबात घाई नको.” सासूबाई या सगळ्यांच्या पुढे. तोंड धुवायला तसराळं त्यांच्याच हातून, ताट त्यांच्याच हातून. त्याने पाय पलंगाखाली सोडला रे सोडला की त्या स्वयंपाकघरातून धावत यायच्या.

त्यांच्या या धास्तीलाही कारण होतं. माझ्या सासऱ्यांचा पाय तरुणपणी गावी मोडला होता. हाड सांधायच्या आधीच ते भातलावणीला चिखलात उतरले आणि मग जन्मभर लंगडत चालले. मी त्यांना तसंच पाहिलंय. सासूबाईंच्या लेखी हाड म्हणजे न हलवता जपायची गोष्ट. मी वॉकर पुढे आणून ठेवायची, त्या तो दाराआड नेऊन उभा करायच्या. मी शाळेत गेले की घरात त्यांचंच राज्य. व्यायाम करून घ्यायला फिजिओची मुलगी यायची, ती असेपर्यंत तो चार पावलं टाकायचा आणि ती जिना उतरली की पुन्हा आडवा.

खरं सांगायचं तर त्याचीही तक्रार नव्हती. तो घाबरला होता. रोज उंचावर लोखंडी तुळयांवर उभा राहून काम करणारा माणूस, पण लादीवर पाय टेकवताना त्याच्या कपाळाला घाम यायचा. एकदा मला म्हणाला, “टेकवला की आत काहीतरी चुरडेल असं वाटतं गं.” मला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून रागही आला. मी म्हटलं, “अहो, नवी लिफ्ट चालू करायच्या आधी तुम्ही तिच्यात वजनं भरून बघता ना? मग?” तो म्हणाला, “लिफ्टला दुखत नाही.”

पहिल्या एक्स-रेत त्या जागी छान पांढरंशुभ्र दिसलं. आम्हाला केवढा आनंद झाला! डॉक्टरीणबाईंनी लगेच खाली आणलं. “हे हाड नाही. हा तर बत्तासा दिसतोय.” आजींचा शब्द त्यांनीही उचलला होता. पुढच्या वेळी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. त्या एक्स-रेत पांढरं फिकट झालं होतं, कडेने झिजलं होतं, आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. वर हाड, खाली हाड, मध्ये सळई आणि विरत चाललेला ढग. गणिताच्या बाईला ते समजायला डॉक्टर लागत नव्हता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वजनकाटा मागवला, नवऱ्याला वॉकर दिला आणि उजवं पाऊल काट्यावर ठेवायला सांगितलं. “दाबा.” काटा जेमतेम हलला. “आणखी.” तो सासूबाईंकडे पाहायला लागला, लहान मूल परवानगीसाठी पाहतं तसं. सासूबाई मात्र काट्याकडेच पाहत होत्या.

परत येताना गाडीत मला वाटलं, त्यांच्या मनाला लागलं असेल. कल्याण फाट्यावर गाडी बराच वेळ अडकली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “भार नाही पडला तर हाड येत नाही, असंच म्हणाली ना ती?” मी म्हटलं, “पहिल्या दिवसापासून तेच सांगतायत त्या.” माझा आवाज चांगला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सासूबाई गॅलरीजवळच्या आपल्या खुर्चीत बसलेल्या. तीच लाकडी खुर्ची. म्हणाल्या, गुडघे धरलेत, उठवत नाही. आणि आत हाक मारली, “बाबू, पाणी दे रे जरा. माझ्या लोटीतून.”

त्यांची एक तांब्याची लोटी होती. पाणी प्यायच्या ते तिच्यातूनच, पेला नाही की बाटली नाही. ती स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली असायची. मी उठले, तर त्यांनी मला डोळ्यांनीच बसवलं. “तू दमून आलीयेस. तो देईल.” आत पलंग करकरला. मग वॉकरचे पाय लादीवर वाजले. तो स्वयंपाकघरात गेला आणि लोटी वॉकरच्या दांडीला चिकटवून, सांडत सांडत घेऊन आला. सासूबाईंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. त्या त्याच्या पावलाकडे पाहत होत्या.

मग हे रोजचंच झालं. पाणी, मग गोळ्या, मग तुळशीला पाणी, मग देवापुढचा दिवा. काही आठवड्यांनी खालच्या मजल्यावरून कढीपत्ता, मग कोपऱ्यावरून दूध. मला धास्ती वाटायला लागली. एकाच घरात एकाचा पाय असा आणि दुसरीचे गुडघे तसे. मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणाले की त्या उडवून लावायच्या. आणि खोटं कशाला बोलू, मनातून मी चिडलेही होते. म्हातारपणी माणूस हेकट होतं म्हणतात, ते हेच, असं वाटायचं.

एकदा शाळा अर्ध्या दिवसाने सुटली. किल्लीने दार उघडून आत आले तर स्वयंपाकघरात सासूबाई स्टुलावर उभ्या राहून माळ्यावरून कुळथाच्या पिठाचा डबा काढत होत्या. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डबा काखेत मारून टुणकन खाली उतरल्या.

“गुडघे धरलेत ना तुमचे?” मी म्हटलं.

“हळू बोल. झोपलाय तो.”

“आई, हे काय चाललंय?”

“त्याला स्वतःच्या पायासाठी उठ म्हटलं की तो भितो,” त्या कुजबुजल्या. “आईला पाणी द्यायला उठतो. पोरगा तसा चांगला आहे माझा.” मग डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, “फिजिओच्या पोरीला विचारलंय मी. जिना चढला तरी चालेल म्हणाली, तेव्हाच खाली धाडला त्याला.”

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, “अहो, पण तुम्ही अशा दिवसभर बसून राहिलात तर तुमचे पाय जातील. तुमचं भजन सुटलं, देवळात जाणं सुटलं.”

“माझे पाय पुष्कळ चाललेत गो,” त्या म्हणाल्या आणि जाऊन पुन्हा खुर्चीत बसल्या.

हाड यायला लागलं. आधी कापलेल्या कडा पुसट झाल्या, मग दोन्ही बाजूंनी धाग्यासारखं काहीतरी एकमेकांकडे आलं. प्रत्येक एक्स-रेत बत्तासा थोडा कमी आणि माझा नवरा थोडा जास्त. वॉकर गेला, काठी आली, काठीही गेली. वर्ष उलटून गेल्यावर एकदा डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला आणि मला म्हणाल्या, “परांची कुठे होती दाखवा बरं.” मला दाखवता आली नाही. मी तिथेच रडले. नवरा माझी समजूत घालत होता, त्याच पायावर उभा राहून.

पण सासूबाई आता खरोखरच उठू शकत नव्हत्या. एवढ्या दिवसांच्या बसण्याने मांड्या सुकल्या, गुडघे आखडले. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी माझा खांदा लागायचा. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही तपासलं आणि माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. ज्या नियमाने मुलाचं हाड आलं, त्याच नियमाने आईचं झिजलं होतं. मला सासूबाईंचा तेव्हा संताप आला. अजूनही येतो. इतकं करायला कुणी सांगितलं होतं? त्या मात्र खुशीत होत्या. तो जिना चढायला लागला की पावलं ऐकायच्या आणि मला सांगायच्या, “बघ, दोन्ही सारखी वाजतायत.”

थंडीतल्या एका सकाळी त्यांना धाप लागली. अंगात ताप, ओठ काळसर. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. खाली न्यायचं तर तीच खुर्ची. काका आणि वरच्या मजल्यावरचा एक तरुण पुढे आले. जिन्यात खुर्ची उतरवताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं. नवरा खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“तुम्ही नको हो,” काका म्हणाले. “तुमचा पाय आहे.”

“पाय आहे म्हणूनच,” तो म्हणाला आणि त्याने खुर्ची धरली.

तीन मजले तो पाठमोरा, पायरी चाचपत उतरला. सासूबाई वरून त्याच्या उजव्या पायाकडे पाहत होत्या, धापेतसुद्धा. खाली पोहोचलो तर अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्यात अडकलेली. फाटकाशी खुर्ची टेकवली. सासूबाई म्हणाल्या, “बाबू, पाणी दे रे.”

काकांनी हातातली बाटली पुढे केली. त्यांनी मान फिरवली. “माझ्या लोटीतून.”

मी ओरडलेच, “आई, आत्ता?” पण तो केव्हाच वळला होता. तीन मजले वर, तीन मजले खाली. येताना त्याच्या दोन्ही हातांत लोटी होती, कठडा धरलेला नव्हता, आणि पाणी सांडलं नव्हतं. फाटकातून जिन्याचे शेवटचे टप्पे दिसतात. त्या बघत होत्या.

त्याने लोटी ओठांना लावली. त्यांनी घोटभर घेतलं आणि हाताने बस म्हटलं. त्याने लोटीत पाहिलं. ती जवळजवळ काठोकाठच होती.

“तहान नव्हतीच ना, आई?” तो म्हणाला. “आधीही नव्हती. माळ्यावरचे डबे काय आपोआप खाली यायचे?”

“होती रे,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग अ‍ॅम्ब्युलन्स आली.

त्या हॉस्पिटलमधून परतल्या त्या तशाच, पांढऱ्या चादरीत. फाटकाच्या आत तिरडी बांधली गेली. आमच्याकडे बायका फाटकापर्यंतच जातात. काकू मला धरून उभ्या होत्या. नवऱ्याच्या हातात विस्तवाचं मडकं दिलं, तो अनवाणी पुढे झाला, आणि मागून चौघांनी तिरडी उचलली. रस्ता खणलेला होता, जागोजागी खडी. सगळे हात जोडून तिरडीकडे पाहत होते. मी त्याचं उजवं पाऊल पाहत होते. कुणीतरी पाहायला हवं होतं. जी रोज पाहायची, ती त्याच्या मागून येत होती, डोळे मिटून.